साहेब कसा आहे?

नोकरी लागल्याची बातमी घरात आली की आपल्याकडे प्रश्न विचारण्याचा एक क्रम ठरलेला असतो. प्रथम पगार विचारला जातो. मग कचेरी घरापासून किती लांब, सुट्ट्या किती, कायम केव्हा करणार, हे प्रश्न येतात. आठपंधरा दिवस लोटले की घरातले एखादे जाणते माणूस आवाज थोडा खाली आणून विचारते, "साहेब कसा आहे?" आधीच्या सर्व उत्तरांची खरी किंमत या एका उत्तरावर ठरते, हे विचारणाऱ्याला ठाऊक असते आणि ज्याला विचारले त्यालाही. पगार चांगला असूनही रविवारी संध्याकाळपासूनच ज्याच्या पोटात गोळा उठतो, असा मनुष्य आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात, नात्यात किंवा शेजारी असतोच.

हे मासिक ज्या घरांत जाते ती घरे इंदूरला आहेत, बडोद्याला आहेत, हैदराबादेत आहेत, दिल्लीच्या सरकारी वसाहतींत आहेत. त्यांतील पुष्कळशी नोकरदारांची. म्हणून आज वाचकांपुढे एक साधा प्रश्न ठेवावासा वाटतो. हाताखालच्या माणसांना काही वरिष्ठ इतके वाईट का वागवितात? सगळेच नव्हेत, काहीच. पण जे वागवितात ते का? 'स्वभावच तसा' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. घरी मुलाला कडेवर घेऊन फिरणारा, शेजाऱ्याच्या आजारपणात रात्र जागून काढणारा गृहस्थ कचेरीत शिरताच निराळा होतो, तेव्हा स्वभावाखेरीज आणखी काही तरी तेथे काम करीत असले पाहिजे.

माझा व्यवसाय भाषांतराचा. परभाषेतील मजकूर मराठीत आणावयाचा आणि इतरांनी आणलेला तपासावयाचा, यात माझा दिवस जातो. त्यामुळे कोणत्याही प्रश्नाकडे मी आधी शब्दांच्या वाटेने जाते. हा धंद्याचा दोष समजून वाचकांनी क्षमा करावी. 'पर्यवेक्षक' हा शब्द कागदावर शोभतो. पण "आज पर्यवेक्षकांनी मला झापले" असे म्हणणारा मनुष्य मला अद्याप भेटलेला नाही. आपण 'साहेब' म्हणतो. हा शब्द अरबीतून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ सोबती, सहवासातला माणूस. 'नोकर' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. पण फारसीने तो मंगोल भाषेतून घेतला होता, आणि तेथे 'नोकोर' म्हणजे सवंगडी, साथीदार. चंगीझखानाच्या भोवती जे निष्ठावंत साथीदार असत त्यांना हे नाव होते. म्हणजे साहेबही मुळात सोबती आणि नोकरही मुळात सोबती! शब्दांच्या प्रवासातील या योगायोगावरून मोठा सिद्धांत उभारण्याचे कारण नाही. तरीपण दोन सोबत्यांमध्ये एवढे अंतर केव्हा आणि कसे पडले, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या अंतराची एक गोष्ट मी माझ्या आजीकडून ऐकली आहे. आजी रत्नागिरी जिल्ह्यातून लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली आणि वर्षभरात गिरणीच्या वायंडिंग खात्यात कामाला लागली. पुरुषांच्या खात्यांवर जसा जॉबर असे, तशी बायकांच्या खात्यावर 'नायकीण' असे. आजीला अक्षरओळख बेताची. पण या नायकिणीविषयी ती बोलू लागली म्हणजे एखाद्या जुन्या ग्रंथाचे पान उघडल्यासारखे वाटे.

जॉबर ही व्यवस्था आली कोठून, हे थोडे सांगितले पाहिजे. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडाच्या पहिल्या गिरणीची स्थापना केली आणि १८५६ साली ती चालू झाली. पुढे गिरण्या भराभर वाढल्या. मालक आणि वरचे अधिकारी यांना कोकणातून, घाटावरून आलेल्या हजारो माणसांची ना ओळख, ना त्यांच्या भाषेची जाण. तेव्हा मध्ये एक मनुष्य हवा झाला. तो कामगार आणी, साचे दुरुस्त करी, रजा देई, काम काढून घेई, प्रसंगी खोली मिळवून देई आणि अडीनडीला कर्जही देई. एकाच माणसाच्या हातात दुसऱ्याची भाकरी, रजा आणि कर्ज ही तिन्ही आल्यावर काय होणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली १९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने १९३१ साली आपला अहवाल दिला. त्यात जॉबर कामगारांकडून काम देण्याबद्दल आणि टिकवू देण्याबद्दल पैसे घेतात, हे स्पष्ट नोंदविले आहे. कामगारांची भरती जॉबरच्या हातून काढून घ्यावी आणि त्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमावा, अशी शिफारसही त्या आयोगाने केली.

पण त्याच अहवालातील एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची आहे. जॉबरला स्वतःलाही कधीकधी वरच्या जॉबरला पैसे पोचवावे लागत आणि देखरेख करणाऱ्या वरच्या मंडळींपर्यंतही त्यातील वाटा जातो असे बोलले जाते, असे आयोगाने म्हटले आहे. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या गिरण्यांवरील आपल्या ग्रंथात जॉबरचे चित्र याहूनही निराळे रंगविले. त्यांच्या मते जॉबर हा सर्वशक्तिमान नव्हताच. कामगार नाराज झाले तर ते त्याला सोडून जात, संपात त्याच्यावर उलटत. आणि उत्पादन घसरले तर वरचा अधिकारी त्याला काढून टाकी. दोन्ही बाजूंनी त्याची जागा डळमळीत होती. खालच्यांना भीती दाखविणारा हा माणूस स्वतः रोज भीत होता.

आजीचे म्हणणे काही निराळे नव्हते. फक्त तिने ग्रंथ वाचला नव्हता. ती कामाला लागली तोवर कायदे पुष्कळ झाले होते. १९३५ सालापासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत सुरू झाली होती आणि नेमणुकीचा अधिकार जॉबरच्या मुठीतून हळूहळू सुटत चालला होता. तरीपण कोणत्या बाईला चांगले सूत द्यावयाचे आणि कोणाला सारखे तुटणारे, हे नायकीणच ठरवी. कामाप्रमाणे दाम असल्यामुळे तुटके सूत म्हणजे सरळ पगारात खोट. मग गावाहून येताना बायका नायकिणीसाठी तांदूळ आणीत, आमसुले आणीत, नारळ आणीत. आजी सांगे की ती नायकीण शिव्या देऊ लागली म्हणजे यंत्रांचा आवाजही खाली पडे. "पण मास्तर आला की ती आमच्याहून बारीक व्हायची," असे म्हणून आजी क्षणभर थांबे. मास्तर तिला सर्वांदेखत बोले. तो गेला की पुढच्या घटकाभरात खात्यातल्या कोणत्या तरी बाईवर ते सारे निघे. कोणत्या बाईवर, हेही आजीने नेमके हेरले होते. जिचा नवरा आजारी होता तिच्यावर, किंवा जी नुकती विधवा झाली होती तिच्यावर. जिचे चार भाऊ त्याच गिरणीत होते तिला नायकिणीने कधी बोट लावले नाही.

हे शेवटचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. राग आवरता येत नाही, म्हणून मी बोलतो, असे पुष्कळ वरिष्ठ सांगतात. पण ज्याला राग आवरतच नाही त्याचा राग वरच्यावरही निघावयास हवा, बरोबरीच्यांवरही निघावयास हवा. तो नेमका ज्याला ती जागा सोडून दुसरीकडे जाता येत नाही त्याच्यावरच कसा निघतो? आपल्या देशात ही निवड करण्याचे काम जातीनेही केले आहे. मुंबईच्याच गिरण्यांत साळखात्यातील अधिक पगाराची कामे अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना मिळत नसत. कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतरांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. येथे वाईट वागणूक देणारा केवळ वरचा अधिकारी नव्हता, शेजारी उभा असलेला सहकारीही होता, हेही विसरून चालणार नाही.

आता थोडे माझ्या अनुभवाचे. बी. ए. झाल्यावर मी प्रथम ज्या खासगी संस्थेत भाषांतराचे काम करू लागले, तेथील आमचे विभागप्रमुख भाषेचे फार चांगले जाणकार होते. कोणता शब्द कोठे बसतो हे त्यांना नुसते पाहून कळे. त्यांच्या हातून गेलेले पान पुन्हा वाचावे असे वाटे. पण हाताखालच्या दहाबारा जणांशी त्यांचे वागणे असे होते की सकाळी त्यांच्या पायांचा आवाज जिन्यावर आला की आम्ही बोलणे थांबवीत असू. कोणाची चूक सापडली की ते ती मोठ्याने वाचून दाखवीत आणि मग विचारीत, "हे मराठी आहे काय? आपण शाळेत गेला होता काय?" कागद टेबलावर ठेवण्याऐवजी ते टाकीत. टाकणे आणि ठेवणे यांत अंगुळभराचे अंतर आहे; पण ज्याच्यापुढे कागद पडतो त्याला ते कोसभर वाटते.

आमच्यात एक ज्येष्ठ बाई होत्या. वयाने विभागप्रमुखांहून मोठ्या. त्यांना एकदा दोन दिवस लागोपाठ सर्वांसमक्ष बोलणे खावे लागले. त्यानंतर त्यांनी शंका विचारणे सोडून दिले. काही महिन्यांनी एका औषधाच्या माहितीपत्रकाचे काम आले. औषध दिवसातून दोनदा घ्यावयाचे की दोन दिवसांतून एकदा, असा घोटाळा मूळ मजकुरातच होता. बाईंना शंका आली होती; पण विचारावयास जाण्याचे धैर्य झाले नाही. छापखान्यातून आलेल्या मुद्रितात दुसऱ्या एका सहकाऱ्याच्या ते लक्षात आले म्हणून निभावले. विभागप्रमुखांचा राग कामाच्या चोखपणासाठी असतो, असे तोवर आम्हीही एकमेकांना सांगत असू. त्या दिवसानंतर तसे कोणी म्हटले नाही.

हा प्रकार केवळ आमच्याच खोलीतला नव्हे, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. अमेरिकेतील संशोधिका एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पथकांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध केला. चांगल्या पथकांत औषधांच्या चुका कमी आढळतील अशी त्यांची अपेक्षा होती. आढळले उलटेच! ज्या पथकांचे नेतृत्व चांगले, तेथे नोंदविलेल्या चुका अधिक होत्या. अधिक शोधता उलगडा झाला तो असा की तेथे चुका अधिक होत नव्हत्या, त्या उघडपणे सांगितल्या जात होत्या. जेथे वरिष्ठांचा धाक होता तेथे त्या झाकल्या जात होत्या. वाचकहो, रुग्णालयातील खाटेवर आपला मनुष्य असताना आपल्याला कोणते पथक हवे असेल?

आमचे विभागप्रमुख तसे का वागत, याचा थोडासा उलगडा मला त्याच कचेरीत झाला. त्या सुमारास भाषांतराचे काम नव्या संगणक-प्रणालीवर करणे सुरू झाले होते. आम्हा तरुणांना ती आठवड्यात आली. त्यांना ती येत नव्हती, आणि येत नाही हे कोणाला विचारताही येत नव्हते. ज्या दिवशी प्रणालीचे काम अधिक, त्या दिवशी त्यांचा पारा अधिक, हे आम्ही एकमेकांत न बोलताही जाणले होते. नॅथॅनिएल फास्ट आणि सेरेना चेन या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली नेमका हाच मुद्दा प्रयोगांनी तपासून पाहिला. नुसता अधिकार हाती आल्याने मनुष्य आक्रमक होतो असे त्यांना आढळले नाही. अधिकार आहे पण त्याला लागणारी पात्रता आपल्या अंगी नाही, असे ज्याला मनातून वाटते तो आक्रमक होतो. आणि अशा माणसाला आपल्या गुणांचे स्मरण होईल असे काही घडले, तर त्याची आक्रमकता उतरते, असेही त्यांना दिसले. आमच्या विभागप्रमुखांना उत्तम भाषांतरकार म्हणून सारे मानीत होते. पण दहाबारा माणसे सांभाळण्याचे काम हे भाषांतराचे काम नव्हे. उत्तम विणणाऱ्याला विणकामातून उठवून माणसांवर बसवावयाचे आणि माणसे कशी सांभाळावी हे त्याला एक दिवसही शिकवावयाचे नाही, ही आपल्याकडची सार्वत्रिक रीत आहे. बढती म्हणजे बक्षीस, अशी आपली समजूत; ते निराळेच काम आहे, हे ना देणाऱ्याच्या ध्यानात येते ना घेणाऱ्याच्या.

एकदा काही कागद घेऊन मी संचालकांच्या खोलीपाशी गेले असता आत आमच्या विभागप्रमुखांना जे ऐकून घ्यावे लागत होते ते माझ्या कानांवर पडले. शब्द येथे लिहिण्यासारखे नाहीत. मी तशीच मागे फिरले. त्या दिवसापासून त्यांचे वागणे मला बरे वाटू लागले असे मुळीच नाही. पण आजीची नायकीण मला दिसली.

येथे काही वाचक म्हणतील की कडक शिस्तीवाचून कामे होत नाहीत, आणि हल्लीच्या मुलांना एक शब्द सोसत नाही. हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. कडकपणा आणि छळ यांतील फरक कधीकधी बाहेरच्याला ओळखता येत नाही. ज्याच्या हाताखाली काम केले त्याला मात्र तो चटकन ओळखता येतो. मला पुढे भेटलेले एक वृद्ध संपादक विलक्षण कडक होते. एक अनुस्वार चुकला तर पान परत येई. चार वेळा परत येई. परंतु परत येताना ते पान चुकलेले असे, मी चुकलेली नसे. शिवाय त्यांचा नियम सर्वांना एकच होता; मुख्य संपादकांच्या मजकुरावरही त्यांची लाल शाई तितक्याच निर्विकारपणे चाले. छळणाऱ्याचा नियम रोज बदलतो. काल ज्याला हसला त्यावर आज ओरडतो, आणि त्यामुळे हाताखालचा मनुष्य कामाकडे पाहण्याऐवजी साहेबाच्या चेहऱ्याकडे पाहू लागतो.

माणूस वरच्याच्या आज्ञेपायी कोठवर जातो, याचा एक प्रसिद्ध प्रयोग स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात सुरू केला. साध्यासुध्या माणसांना सांगण्यात आले की पलीकडच्या खोलीतील मनुष्याचे उत्तर चुकले की विजेचा झटका द्या आणि दर चुकीला तो वाढवा. खरी वीज नव्हती. पण झटके देणाऱ्यांना ते ठाऊक नव्हते. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निबंधात ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या कळीपर्यंत गेल्याचे नमूद आहे. या प्रयोगावर पुढे बरीच टीका झाली, आणि तिच्यात तथ्यही आहे. तुरुंगाच्या देखाव्याचा १९७१ चा स्टॅनफर्डचा प्रयोग तर मी या विषयात आधाराला घेणारच नाही. तेथे पहारेकऱ्यांना कठोर वागण्याचे इशारे आधीच दिले गेले होते, हे पुढे उजेडात आले. मिलग्रॅम यांच्या प्रयोगातील मला महत्त्वाचा वाटतो तो त्याचा एक कमी सांगितला जाणारा भाग. एका प्रकारात त्यांनी झटके देणाऱ्याशेजारी आणखी दोघांना बसविले, आणि त्या दोघांनी मध्येच "आम्ही हे करणार नाही" असे म्हटले. तेव्हा ४० पैकी अवघे ४ जण शेवटपर्यंत गेले. आज्ञा तीच, खोली तीच, यंत्र तेच. फक्त शेजारच्या दोघांनी हात आखडता घेतला होता.

कचेरीतले सारे घरी येते, हे गृहिणींना आणि गृहस्थांना निराळे सांगावयास नको. साहेब कारकुनावर ओरडतो, कारकून घरी येऊन मुलावर, मूल मांजरावर, ही आपल्याकडची जुनी थट्टा आहे. मांजराचे ठाऊक नाही. पण बाकीची साखळी खरीच आहे. आणि ती उलट दिशेनेही चालते. ख्रिस्तोफर बार्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वरिष्ठाची रात्रीची झोप चांगली झाली नसेल तर दुसऱ्या दिवशी हाताखालच्यांना त्याची वागणूक अधिक जाचक होते, असे दाखविले आहे. झोप किती तास झाली यापेक्षा ती कशी झाली, याला अधिक महत्त्व होते. आपल्या घरातील कोणी जर दहावीस माणसांवर साहेब असेल, तर त्याच्या उशाशी रात्री अकरा वाजता वाजणारा फोन हा त्या दहावीस घरांचाही प्रश्न आहे.

हे सारे लिहावयास मी बसले त्याला एक घरचे कारण आहे. माझा धाकटा भाऊ एका खासगी कर्जपुरवठा कंपनीत आहे. रोज सकाळी आठ वाजता त्याच्या गटातील सर्वांना फोनवर एकत्र जोडून घेतात आणि काल कोणी किती वसुली केली, किती नवी कर्जे आणली, ते एकेकाला विचारतात. आकडा कमी पडला की इतर चौदा जणांच्या कानांवर जाईल असे बोलणे ऐकावे लागते. आईबापांचा उद्धारही होतो. बोलणारा साहेब अठ्ठावीस वर्षांचा आहे, माझ्या भावाहून तीन वर्षांनी लहान. आणि त्यालाही रात्री नऊ वाजता असाच कोणाला तरी आकडा द्यावा लागतो. जॉबर गेला, गिरण्या गेल्या, चिमण्या पडून तेथे काचेचे मनोरे उभे राहिले. ही साखळी मात्र तशीच्या तशी फोनमध्ये शिरली आहे.

गेल्या वर्षी पावसाळ्यात भावाला जेवण जाईनासे झाले. आई म्हणाली, "सोडून दे." बाबांनी घराच्या कर्जाचा हप्ता बोलून दाखविला. बाबा कठोर नाहीत. त्यांनी स्वतः १९८२ च्या संपानंतरचे घर पाहिले आहे. आजोबांच्या गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा बाबा शाळेत होते, आणि नोकरी जाणे म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून अधिक कळते. म्हणून आपल्या घरांतून "सहन कर" असे जे म्हटले जाते, त्यामागे पुष्कळदा अशी एखादी आठवण असते, एवढे मी त्यांच्या बाजूने सांगेन. पण सहन करणे म्हणजे गप्प राहणे नव्हे, एवढे त्या रात्री आमच्या घरात ठरले.

दुसऱ्या दिवसापासून भावाने एका वहीत तारीख, वेळ आणि शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावयास आरंभ केला. तीन आठवड्यांनी त्याने ती वही गटातील आणखी दोघांना दाखविली. त्यांनीही तशाच नोंदी ठेवल्या. गटात दोन मुली होत्या. त्यांच्याशी होणारे बोलणे २०१३ च्या कायद्याखाली तक्रार करण्याजोगे आहे का, हे त्यांनी कंपनीच्या अंतर्गत समितीला विचारावयाचे ठरविले. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक कामाच्या ठिकाणी अशी समिती असलीच पाहिजे, हे त्या दोघींना ठाऊकच नव्हते. आपल्या घरातील नोकरदार मुलींना ते ठाऊक आहे का, हे वाचकांनी अवश्य विचारून पाहावे. शेवटी पाच जणांच्या सह्यांचे एक पत्र विभागीय कचेरीला गेले. त्यात बडतर्फीची मागणी नव्हती, शिवीगाळही नव्हती. वसुलीचा आकडा ज्याचा त्याला स्वतंत्रपणे विचारावा आणि घरच्यांचा उल्लेख होऊ नये, एवढेच होते.

पत्राला आजतागायत उत्तर आलेले नाही. पण पत्र गेले आहे हे साहेबाला कळले, आणि सही करणारे पाच आहेत हेही. सकाळचा फोन बंद झाला नाही. त्यातील आईबाप मात्र बंद झाले. सही करणाऱ्यांपैकी दोघांनी दिवाळीपूर्वी दुसरीकडे नोकऱ्या धरल्या. भाऊ अजून तेथेच आहे. मार्चच्या हिशेबानंतर साहेबाची बदली झाली, कोठे ते कोणी सांगितले नाही, आणि आता भावाच्या हाताखाली दोन नवी मुले आली आहेत. परवा त्याने मला फोन करून विचारले की आठ वाजताचा फोन साडेनऊला करावा असे वर लिहावयाचे झाल्यास मराठीत लिहावे की इंग्रजीत. मी इंग्रजीत मसुदा करून पाठविला आहे. त्या मुलांपैकी एक जण विरारहून येतो. आठ वाजता तो गाडीत एका पायावर उभा असतो.